कडुनिंबाआडची अकरा वर्षं

रमीलाबेन पढियार यांचं पत्र येऊन त्या चंपाषष्ठीला चौदा महिने झाले होते आणि मी उत्तर दिलं नव्हतं. विसरलो होतो असं म्हणायची सोय नाही. ते पत्र मी आधी एका कोशात ठेवलं. कोश कुणीतरी उघडेल म्हणून तिथून काढून एका व्याकरणात ठेवलं. व्याकरण आमच्या घरात कुणीच उघडत नाही, त्यामुळे ते मलाही पुन्हा सापडणार नाही अशी भीती वाटली आणि शेवटी विहिरीच्या वहीत ठेवून दिलं.

पत्र गुजरातीत होतं, मास्तरीणबाईंच्या गोल अक्षरात. जंबुसरच्या रस्त्याला लीमडियापुरा म्हणून गाव आहे, तिथे आमची सात विघे जमीन आणि एक विहीर आहे. गावाजवळ गॅस काढणाऱ्या एका कंपनीची पाहणी चालली होती. खूप खोल असलेला खडक पाण्याच्या दाबानं फोडून त्यातला गॅस वर आणायचा बेत होता. रमीलाबेननी लिहिलं होतं, ‘मी विरोधात नाही आणि बाजूनंही नाही. गावातल्या चार पोरांना काम मिळालं तर मला हवंच आहे. पण उद्या पाणी बिघडलं आणि आम्ही तक्रार केली, तर आम्हाला सांगतील की बेन, तुमचं पाणी पहिल्यापासून असंच होतं. पहिलं पाणी कसं होतं हे गावात कुणाकडेच लिहिलेलं नाही. फक्त तुमच्या घराण्यानं लिहून ठेवलं आहे असं ऐकते. त्या वहीची नक्कल द्याल?’

त्याखाली आणखी दोन ओळी होत्या. ‘तुम्ही कळशी घेऊन कडुनिंबाआड उभे राहायचात ते आम्हा बायकांना अजून आठवतं. आम्ही अधूनमधून तुमच्याविषयी बोलतो.’

या दोन ओळी वाचून माझे कान तापले आणि पत्र कोशात गेलं.

विहीर मोजायची रीत आमच्या वडिलांची, तात्यासाहेबांची. चंपाषष्ठीच्या सकाळी खंडोबाच्या आंघोळीला शेतातल्या विहिरीचं पाणी आणायचं, आणि आणताना हाता-हातावर गाठ मारलेली दोरी सोडून पाणी किती खाली आहे ते बघायचं. घरी आल्यावर प्रत्येकानं ते पाणी चाखायचं. वहीत तीन रकाने होते, तिथी, हात आणि चव. १९५८ सालापासून एकही वर्ष कोरं नाही. तात्यासाहेबांनंतर माझे मोठे बंधू बळवंतराव मोजायचे. ते गेले आणि १९९४ साली दोरी माझ्या हातात आली.

त्या सकाळी विहिरीवर सात-आठ बायका धुणं धूत होत्या. ‘जरा बाजूला व्हा’ एवढंच म्हणायचं होतं. मी कडुनिंबाआड अर्धा तास उभा राहिलो. त्या हलल्या नाहीत आणि मीही हललो नाही. शेवटी देवळाजवळच्या हापशावर कळशी भरली आणि परतीच्या बसमध्ये वहीत लिहिलं, ‘साडेबावीस हात. गोड.’ आदल्या वर्षी बावीस होते, म्हणून अर्धा वाढवला. पुढच्या वर्षी तेवीस लिहिले. असं अकरा वर्षं चाललं. बाराव्या वर्षी भक्तीला बरोबर नेलं, ती तेव्हा सात वर्षांची होती. तिनं विहिरीशी जाऊन ‘खसजो ने, बेन’ म्हटलं आणि सगळ्या बायका हसत बाजूला झाल्या. तिथून पुढची वही खरी आहे.

आता रमीलाबेनना हे माहीत होतं, असं मला वाटलं. नक्कल द्यायची तर एकतर गावाच्या हाती खोटे आकडे द्यायचे, नाहीतर अकरा वर्षं खोटं लिहिलं हे सांगायचं. जन्मभर ग्रंथालयात काढलेल्या माणसाकडे अब्रू म्हणून दुसरं काय असतं? त्यानं लिहिलेलं खरं असतं, एवढीच.

*

त्या चंपाषष्ठीला शहरातल्या आमच्या अकोट्याच्या घरात दोन तट पडले होते आणि दोन्ही तट मला खाऊ घालत होते.

कंपनीला आमच्या शेताचा रस्त्याकडचा तुकडा काही वर्षांसाठी भाड्यानं हवा होता. त्यांचा साहेब सोमवारी कागद घेऊन येणार होता. सह्या तिघांच्या लागत होत्या, बळवंतरावांमागे गंगावहिनींची, माझी आणि धाकट्या प्रतापसिंहाची. प्रताप सही करायला तयार होता आणि वहिनी नव्हत्या. मी ज्या बाजूला कलेन ती बाजू जिंकेल असा दोघांचाही समज होता. मला कुणी निर्णायक समजावं अशी ती आयुष्यातली पहिलीच वेळ, आणि ती मला मुळीच सोसत नव्हती.

“भाऊजी, रोडग्यावर तूप घेतलं नाहीत,” असं म्हणून वहिनींनी चाखायला दिलेल्या रोडग्यावर आणखी तूप ओतलं. नैवेद्याच्या आधी चाखायला द्यायची त्यांची रीत नव्हे.

तेवढ्यात शहराच्या दुसऱ्या भागातून, निजामपुऱ्याहून प्रतापची गाडी आली. सुनंदा डबा घेऊन थेट माझ्याकडे आली. “भावजी, लीलव्याची कचोरी. तुरीचे ओले दाणे सोलून खास तुमच्यासाठी केली, तिखट कमी टाकून.”

“लाच देऊन राहिलीस का ग?” वहिनींनी विचारलं.

“तुम्ही तुपानं देता, मी तेलानं देते,” सुनंदा म्हणाली, आणि दोघी जावा खळखळून हसल्या.

प्रताप मात्र फाटकापाशीच उभा राहिला. आठ दिवसांपूर्वी फोनवर तो वहिनींना रागाच्या भरात बोलून गेला होता, की सही होईपर्यंत मी त्या घरात तळीला हात लावणार नाही. आता शब्द मागे घेता येत नव्हता आणि वांग्याच्या भरताचा वास फाटकापर्यंत जात होता. पोलीस खात्यातून फौजदार म्हणून निवृत्त झालेला माणूस फाटकाच्या कडीशी खेळत उभा होता.

“आत या भाऊजी,” वहिनी ओसरीवरून ओरडल्या. “तळीला पाच जण लागतात आमच्यात. शेजारचे दोघे लग्नाला गेलेत. या वर्षी भक्ती आणि सुनंदा हात लावणार. तुम्ही नसलात तर चारच होतात.”

“बायका तळी उचलणार?”

“मग काय, तुमच्यासाठी खंडोबानं थांबावं?”

प्रताप आत आला, पण पाटावर न बसता खुर्चीवर बसला. शब्द पाळल्याची ती निशाणी होती.

अनुजच्या मनात त्या वेळी काय होतं ते त्यानं मला नंतर सांगितलं, म्हणून लिहितो. प्रतापच्या या मुलाचं छाणीला पत्रा-लोखंडाच्या कामाचं वर्कशॉप आहे, आठ वेल्डर आहेत. दोन वर्षं काम मंद होतं. कंपनी आली तर टँकरच्या टाक्या बांधायचं काम मिळणार होतं, गॅसच्या एकेका विहिरीला पाण्याचे शेकडो टँकर लागतात म्हणे. आम्हा म्हाताऱ्यांना त्याला लोभी म्हणायचं सोपं होतं. त्याच्या डोळ्यांपुढे मात्र ते आठ जण होते. त्यातल्या दोघांची लग्नं यंदा ठरली होती.

“मोठी आई,” तो वहिनींना म्हणाला, “हे रोडगे कशावर भाजले?”

“शेगडीवर.”

“शेगडी कशावर चालते? पाइपच्या गॅसवर. तो कुठून तरी जमिनीतूनच येतो ने? आपल्या शेगडीत चालतो, आपल्या शेतातून नको?”

 वहिनी भक्तीकडे बघू लागल्या. भक्ती त्यांची नात. तिचे आईवडील मस्कतला असतात आणि ती इथेच राहून पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते.

“त्याचं बरोबर आहे, आजी,” भक्ती म्हणाली.

“घ्या! म्हणजे तू पण तिकडे गेलीस?”

“मी कुठेच गेले नाही. नीट ऐका. ते अडीच-तीन किलोमीटर खाली जातात. पाणी, वाळू आणि थोडी रसायनं भयंकर दाबानं सोडतात. खडकाला बारीक तडे जातात, वाळू त्या तड्यांत बसून ते उघडे ठेवते आणि गॅस वर येतो. आपली विहीर कितीशी खोल? एवढ्या खालचा तडा तिच्यापर्यंत यायचा संभव फार कमी.”

“ऐकलंत?” अनुज म्हणाला.

“अजून संपलं नाही माझं. पाइप आपल्या पाण्याच्या थरातूनच खाली जातो. त्याच्याभोवतीचं सिमेंट नीट बसलं नाही तर गळती होते. आणि आत गेलेलं पाणी परत वर येतं, खारट, खालचं काय काय घेऊन. ते प्लास्टिक घातलेल्या खड्ड्यात साठवतात. खड्डा पावसाळ्यात भरून वाहिला तर? शिवाय एवढं पाणी आधी आणायचं कुठून? शेजारच्या बोअरमधूनच ना?”

“म्हणजे चांगलं की वाईट?” प्रतापनं विचारलं. “एक काय ते सांग. कोर्टात असं चालत नाही.”

“नीट केलं तर चालेल, नाही केलं तर नाही. आणि नीट केलं की नाही हे कळायला आधीचं पाणी माहीत पाहिजे.” ती एकदम उभी राहिली. “आपल्याकडे तर वही आहे! विशूआजोबा, वही कुठाय?”

मी कचोरी तोंडात घातली. तोंड भरलेलं असलं की उत्तर द्यावं लागत नाही. पण भक्तीला माझ्या खोलीतलं प्रत्येक कपाट ठाऊक आहे. ती वही घेऊन आली तेव्हा तिच्या हातात पत्रसुद्धा होतं.

*

तिनं आधी वही उघडली. तिथींवरून तारखा काढायच्या, हातांवरून मीटर काढायचे आणि रेषा ओढायची असा तिचा बेत. पाटावर मांडी घालून ती फोनवर आकडे टाकत गेली.

“गंमत आहे,” ती म्हणाली. “पणजोबांच्या काळात विहीर खाली-वर नाचते. आजोबांच्या काळातही तसंच. आणि चौऱ्याण्णवपासून बघा. साडेबावीस, तेवीस, साडेतेवीस, चोवीस. इतकी शिस्तीची विहीर मी कधी पाहिली नाही. दोन हजार सालच्या दुष्काळात गावोगावच्या विहिरी आटल्या, आपली मात्र अर्धाच हात खाली. आणि दर वर्षी ‘गोड’.”

“दादाच मोजायचा तेव्हा,” प्रताप अभिमानानं म्हणाला. “शिस्तीचा माणूस आहे.”

मला वाटलं, आता गप्प राहिलो तर हा अभिमानच मला खाईल.

“मी मोजलंच नाही,” मी म्हणालो.

कुणालाच नीट ऐकू गेलं नाही. माझा आवाज तसाच आहे. मी पुन्हा म्हणालो, जरा जोरात. मग सगळं सांगितलं, धुणं, कडुनिंब, हापसा, बस. सांगताना मी वांग्याच्या भरताकडे बघत होतो.

सगळ्यांच्या आधी वहिनी भानावर आल्या. “म्हणजे खंडोबाला अकरा वर्षं हापशाच्या पाण्यानं आंघोळ?”

“हापसा त्याच गावातला होता, वहिनी.”

“आणि आम्ही तीर्थ म्हणून प्यायलो ते?”

“तेच.”

प्रताप खुर्चीवरून उठून पाटावर येऊन बसला, आपण काय करतो आहोत हे त्याच्या लक्षातही आलं नाही. “इतकी वर्षं खात्यात काढली,” तो म्हणाला, “पण दोन दणके न खाता एवढं घडाघडा बोलणारा आरोपी नाही पाहिला!” आणि तो असा हसला, की देव्हाऱ्यातली निरांजनं हलली असावीत. अनुज हसला, भक्ती तर वहीवर कपाळ टेकून हसली. मलाही हसू आलं. इतकी वर्षं जे मी लपवलं होतं ते लोकांना विनोदी वाटेल हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

हसली नाही ती फक्त सुनंदा.

“थांबा,” ती म्हणाली. “कुठली अकरा वर्षं म्हणालात?”

“चौऱ्याण्णव ते दोन हजार चार.”

“माझं लग्न ब्याण्णवचं. तिसऱ्या चंपाषष्ठीला मी म्हटलं होतं, पाण्याला लोखंडाचा वास येतो. आठवतं कुणाला?”

 सगळ्यांना आठवत होतं.

“सासूबाई म्हणाल्या, आमचं पाणी पहिल्यापासून असंच आहे. तुम्ही म्हणालात,” ती प्रतापकडे वळली, “हिचे नखरे आहेत, माहेरी नळाचं पाणी प्यायची सवय. दर वर्षी मी म्हणायची आणि दर वर्षी तुम्ही सगळे हसायचात. पुढे मी म्हणायचं सोडलं. मलाच वाटायला लागलं, की माझीच जीभ खोटी.”

“अग, मला काय माहीत दादानं—”

“तुम्हाला माहीत नव्हतं म्हणूनच म्हणते. वहीत ‘गोड’ लिहिलेलं होतं ने? मग माझ्या जिभेला कोण विचारणार?” तिनं भक्तीच्या मांडीवरचं पत्र उचललं. तिला गुजराती आमच्याहून चांगलं वाचता येतं. वाचून झाल्यावर ती अनुजला म्हणाली, “बेटा, ही बाई काय लिहिते बघ. पाणी बिघडलं तर सांगतील, पहिल्यापासून असंच होतं. तुझ्या आईला घरात असं सांगितलं, तर या बाईला कंपनीवाले काय सांगतील?”

अनुजनं पत्र आईच्या हातातून घेतलं. सुनंदा आत्तापर्यंत त्याच्या बाजूची होती. निदान आम्ही तसं धरून चाललो होतो. तिनं मला नंतर सांगितलं, ती कुणाच्याच बाजूला नव्हती. तिला कुणी विचारलंच नव्हतं, म्हणून ती कचोऱ्या तळत होती.

“म्हणजे सही नको, असं म्हणतेस तू?” अनुजनं विचारलं.

“असं कुठे म्हटलं? तुझ्या वर्कशॉपात वेल्डिंग झाल्यावर टाकीत पाणी भरून तपासतोस की नाही?”

“तपासतो. नाही तपासलं तर गिऱ्हाईक परत आणून आपटतं.”

“मग हेही आधी तपासा.”

यानंतरचा अर्धा तास आमच्या घरातला अत्यंत गोंगाटाचा आणि, मला वाटतं, शहाणपणाचा होता. भक्ती सांगत होती आणि अनुज लिहून घेत होता. काम सुरू व्हायच्या आधी गावातल्या सगळ्या विहिरी-बोअरचं पाणी बाहेरच्या प्रयोगशाळेत तपासायचं, भक्तीच्या नव्हे, नाहीतर घरचीच साक्ष म्हणतील. नंतर दर सहा महिन्यांनी पुन्हा. निकाल पंचायतीच्या फळ्यावर लावायचे. पाणी गावच्या बोअरमधून उपसायचं नाही. परत आलेलं पाणी खड्ड्यात नको, बंद टाक्यांत.

“टाक्या मी बांधून देतो,” अनुज म्हणाला. मग ओशाळून, “कुणाकडूनही बांधा, पण बंद पाहिजेत.”

“आणि कंपनी नाही म्हणाली तर?” प्रतापनं विचारलं.

अनुजनं पेन खाली ठेवलं. ते आठ जण त्याच्या डोळ्यांपुढे आले असणार. “तर नाही,” तो म्हणाला. “दुसरं काम बघू.”

वहिनी म्हणाल्या, “हे सगळं कबूल असेल तर माझी सही आहे. मला गॅसचं वैर नाही. मला विचारलं नाही त्याचं आहे.”

“पण वही?” मी भीतभीत म्हणालो. “खोटी वही देऊन काय उपयोग?”

“अडुसष्ट वर्षांतली अकरा खोटी,” भक्ती म्हणाली. “ती कुठली हे तुम्ही स्वतः सांगितलंत तर उरलेली सत्तावन्न धरता येतील. नाही सांगितलंत आणि कुणी शोधून काढलं, तर अडुसष्टही जातील. मला शोधायला दहा मिनिटं लागली.”

“त्या बाईंना ते आधीच माहीत आहे,” मी म्हणालो. “शेवटच्या ओळी वाच. टोमणा मारलाय मला.”

भक्तीनं पत्र घेऊन त्या दोन ओळी वाचल्या, मग पुन्हा वाचल्या. “आजोबा, तुम्ही एवढी पुस्तकं वाचता ना?”

“का?”

“विहिरीवर धुणं धुताना बायकांचे कपडे भिजलेले असतात. येणारा-जाणारा पुरुष मुद्दाम पाणी मागत जवळ येत असेल. आणि एक माणूस दर वर्षी लांब उभा राहतो, त्यांच्याकडे पाठ करून, न बोलता निघून जातो. तुम्ही पाठ करूनच उभे राहायचात ना?”

“मग काय बघत राहणार?”

“म्हणून आठवण काढतात. त्यांना हापशाचं कुठे ठाऊक? हापसा देवळाशी, विहिरीवरून दिसतसुद्धा नाही. टोमणा कसला? त्या तुमचा मान ठेवताहेत.”

मी पत्र हातात घेतलं. चौदा महिने मी त्या ओळी मनात म्हणत होतो आणि माझ्याच आवाजात म्हणत होतो, म्हणून त्या तशा ऐकू येत होत्या. डोळ्यांत पाणी आलं. भरतात मिरची जास्त पडली आहे असं मी म्हणालो. वहिनी म्हणाल्या, भरत अजून कुणी चाखलेलंच नाही.

मग आम्ही तळी उचलली. ताम्हनात विड्याची पानं, सुपारी, खोबरं, भंडारा. प्रताप, अनुज, सुनंदा, भक्ती आणि मी. पाचांचे दहा हात एका ताम्हनाला लागले आणि ते वाकडं होऊन भंडारा प्रतापच्या पांढऱ्या सदऱ्यावर सांडला. “सदानंदाचा येळकोट!” सुनंदाचा आवाज सगळ्यात मोठा होता. त्या सकाळी विहिरीवरून खरोखर मोजून आणलेलं पाणी आधी तिला चाखायला दिलं. तिनं ते तोंडात घोळवलं, आणि आम्ही सगळे परीक्षेचा निकाल ऐकायला थांबल्यासारखे थांबलो.

“जरा मचूळ आहे,” ती म्हणाली.

मी चवीच्या रकान्यात तसंच लिहिलं. खाली कंसात ‘सुनंदा’ असं नावही घातलं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर लिहायला बसलो. गुजरातीत चार मसुदे झाले. पहिल्यात माफी एवढी मोठी झाली, की विहिरीला जागाच उरली नाही. दुसरा फार कोरडा वाटला. तिसरा भक्तीनं फाडला. चौथ्यात लिहिलं, ‘स्नेही रमीलाबेन, उशीर झाला. वहीची नक्कल सोबत आहे. १९९४ ते २००४ ही अकरा वर्षं मी विहीर मोजली नाही. तुम्हा बायकांना बाजूला व्हा म्हणायची मला लाज वाटली आणि आकडे मनानं लिहिले. त्या ओळींवर मी लाल रेघ मारली आहे. बाकीची सत्तावन्न वर्षं खरी आहेत. त्या अकरा वर्षांत विहिरीचं पाणी कुठवर होतं हे धुणं धुणाऱ्यांना आठवत असेल, बादलीची दोरी किती सोडावी लागायची यावरून. विचारून कळवाल तर आठवण म्हणून वेगळ्या शाईनं लिहून ठेवीन. कंपनीपुढे ठेवायच्या अटींचा कागदही जोडला आहे. त्यात काही राहिलं असेल तर घाला. सोमवारच्या आत निरोप द्यावा.’

अनुज मला गाडीतून सोडतो म्हणाला. मी चालत गेलो. पोस्टात खिडकीशी तिघं होते. त्यांना आधी जाऊ दिलं, मग मागून आलेल्या एका बाईंनाही जाऊ दिलं.

“दादा, तमारो वारो,” खिडकीतली मुलगी म्हणाली.

“रजिस्टर करायचं आहे.”

“रजिस्टर बंद झालं, दादा. स्पीड पोस्ट करा. काले पहोंची जशे.”

उद्याच पोचेल हे ऐकून माझा हात पाकिटावर तसाच राहिला. एखादा आकडा चुकला असला तर? लाल रेघ एखाद्या खऱ्या वर्षावर पडली असली तर? एकदा उघडून बघावं असं वाटलं. माझ्यामागे एक माणूस घसा खाकरत होता. जन्मभर मी अशा वेळी बाजूला होत आलो आहे.

“एक मिनिट हं, भाई,” मी त्याला म्हणालो.

पत्ता पुन्हा एकदा वाचला. नाव बरोबर होतं, गाव बरोबर होतं. पाकीट खिडकीतून आत सरकवलं. मुलीनं वजन केलं, चिठ्ठी चिकटवली, शिक्का मारला आणि ते मागच्या पोत्यात टाकलं.